लातूरच्या कपाटात राहिलेली बार्लीवाइन: मुरली का शिजली?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मावसभावानं २०१७ ला इंग्लंडवरून बार्लीवाइनच्या (नावात वाइन असली तरी ही दांडगी बिअरच) दोन बाटल्या आणल्या, साडेदहा टक्क्यांच्या, त्या लातूरच्या घरी लोखंडी कपाटात कपड्यांच्या मागं राहूनच गेल्या. आता एक उघडली तर फेस जवळजवळ नाही, वास आधी मनुक्याचा न् काकवीचा, मग सोया सॉससारखं कायतरी, आणि घोट गिळल्यावर शेवटी ओला पुठ्ठा. तुम्हाला विचारायचंय की ही मुरलेली म्हणायची का वाया गेलेली, प्यायल्यानं काही होईल का, आणि दुसरी बाटली ठेवायची का उघडायची.

पहिलं भीतीचं मिटवून टाकू. काही होत नाही. बिअरचा पीएच साधारण ४ ते ४.५, म्हणजे बऱ्यापैकी आंबट, त्यात अल्कोहोल, त्यात हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांतली कडू आम्लं, आत ऑक्सिजन नसल्यात जमा, अशा जागी माणसाला आजारी पाडणारे जंतू तग धरत नाहीत, त्यातून तुमची साडेदहा टक्क्यांची. चव गेली तर गेली, दवाखाना लागत नाही. फक्त एक, बाटली उघडल्याबरोबर कारंजं उडालं आणि चव दह्यासारखी आंबट लागली तर आत दुसरंच कोणीतरी यीस्ट किंवा बॅक्टेरिया शिरलेलं असतं आणि त्या बाटलीत प्रेशर जास्त असतं, तसली बाटली उन्हाळ्यात फुटू शकते, धोका काचेचा आहे, बिअरचा नाही. तुमच्याकडं उलटं झालंय, फेसच नाही, मग तो प्रश्न मिटला. आणि साडेदहा टक्के म्हणजे आपल्या साध्या माईल्ड बिअरच्या दुप्पट हे ध्यानात असू द्या, एका बाटलीत दोघं-तिघं बसा, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा.

आता मुरली का वाया गेली. मुरलीय, पण शिजून मुरलीय. जुन्या एलचं, म्हणजे बार्लीवाइन ज्या जातीची बिअर आहे तिचं, वय बाटलीवरच्या सालावरून काढत नसतात, तिनं किती ऊन काढलं त्यावरून काढतात, आणि मराठवाड्यात तर हे सगळ्यात आधी बघायचं.

मी वाळूजला ब्रूअरीच्या क्यूसी, म्हणजे दर्जा तपासायच्या, लॅबमध्ये नोकरी केली, तिथं सगळी लागर, म्हणजे दुकानात मिळते ती नेहमीची फिक्या रंगाची बिअर, एल औषधालाबी नाही, पण जुनी झालेली बिअर कशी लागते हे तिथंच शिकलो. जेवणाआधी, तोंड स्वच्छ असताना पॅनेल बसायचं, पुढ्यात तीन ग्लास, दोन सारखे न् एक वेगळा, वेगळा कोणता ते ओळखा. प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या जपून ठेवलेल्या असतात आणि काही मुद्दाम गरम कपाटात कोंडतात, म्हणजे दुकानात सहा महिन्यांनी काय होणार ते काही आठवड्यांतच कळतं. बिघडलेली बिअर मी चांगलीपेक्षा जास्त प्यालोय, पगार त्याचाच होता.

धंद्यात एक ढोबळ नियम चालतो, तीन-तीस-तीनशेचा. ३२ डिग्रीला ३ दिवस, २२ डिग्रीला ३० दिवस आणि ३ डिग्रीला ३०० दिवस, तिन्हीकडं बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. आता तुमचं कपाट धरा. एप्रिल-मे मध्ये लातूर-नांदेड-परभणीला बाहेर पारा ४० च्या वर, भिंती दिवसभर तापलेल्या, पत्र्याचं कपाट, रात्रीबी घरात ३२ च्या खाली येत नाही. दोन महिने म्हणजे ६० दिवस, तीन-तीन दिवसांचे २० हप्ते, हरेक हप्ता फ्रिजमधल्या ३०० दिवसांइतका, झाले ६००० दिवस, म्हणजे सोळा वर्षं, एका उन्हाळ्यात! हा नियम साध्या लागरवरून काढलेला आहे, बार्लीवाइन त्यापेक्षा पुष्कळ दणकट असते, त्यामुळं वही-पेन घेऊन बसू नका, पण तुमच्या बाटल्यांनी असे सात-आठ उन्हाळे काढलेत एवढं मनात धरा. इंग्लंडात कोणाच्या तळघरात १२-१३ डिग्रीला तितकीच वर्षं राहिलेली हीच बाटली आणि तुमची बाटली, या दोघी आता सख्ख्या बहिणी राहिलेल्या नाहीत.

बरं कोणी म्हणेल, मग काय झालं, जे वीस वर्षांत व्हायचं ते तीन वर्षांत झालं, उलट फायदाच. तसं होत नाही. बाटलीत एकाच वेळी कितीतरी रिॲक्शन चालू असतात आणि गरमीनं सगळ्या सारख्या वेगानं पळत नाहीत, काही नुसत्या चालायला लागतात न् काही उधळतात. कार्बाइडनं पिकवलेला केशर आंबा आणि आढीतला केशर आंबा, दोन्हीचा रंग पिवळाच असतो, फरक कापल्यावर कळतो, तसंच हे.

आता तुम्हाला लागलेल्या चवी एकेक घेतो, कारण त्यातल्या काही चांगल्या आहेत आणि त्या तुम्ही खराबीत मोजताय.

मनुका, खजूर, काकवी. ही मुरल्याची खूण, हिच्यासाठीच लोक बार्लीवाइन ठेवतात. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं जव, भाजताना न् वर्ट, म्हणजे त्याचं गोड पाणी, तासन्‌तास उकळताना जे गडद पदार्थ तयार होतात ते पुढं वर्षानुवर्षं हळूहळू बदलत राहतात, थोडासा ऑक्सिजन लागतोच त्यात, झाकणाच्या रबरातूनही तो कणाकणानं आत येत असतो. बीटा-डॅमासेनोन म्हणून एक रसायन आहे ते वाढत जातं, त्याचा वास शिजवलेल्या सफरचंदाचा, सुक्या आलुबुखाराचा. अल्कोहोलपासून अल्डिहाइड बनतात, त्यातून बदाम, मध, शेरी (स्पेनची एक वाइन) अशा छटा येतात. शेरी आपल्याकडं कोणी पीत नाही म्हणून हा वास समजावताना पंचाईत होते, दिवाळीत काढलेला अक्रोड-मनुक्याचा डबा पुढच्या दिवाळीला उघडा, साधारण तो. आणि ताज्या इंग्लिश एलमध्ये यीस्टचा जो केळ्या-पेरूकडं जाणारा फळाचा वास असतो तो मात्र विरत जातो, त्याचं एस्टर तुटतं. तुमच्या वर्णनात ताज्या फळाचं नावच नाही, सगळी सुकी फळं, म्हणजे तो टप्पा कधीच मागं पडला.

एक वास तुम्ही लिहिला नाही पण माझी खात्री आहे की आहे, परत हुंगून बघा: भाजलेली मेथी. सोटोलोन नावाचं रसायन, मेथीदाण्याचा खास वास त्याचाच, जुन्या शेरीत आणि मदेरात हेच असतं, जुन्या बिअरमध्येही तयार होतं. युरोपातले लोक याला करीचा वास म्हणतात, मेपल सिरपचा म्हणतात, आपल्याकडं बाळंतिणीचे मेथीचे लाडू खाल्लेला कोणीबी एका सेकंदात सांगेल. थोडा असला तर छान, काकवीला धार येते. जास्त झाला की दुसरं काही लागूच देत नाही.

सोया सॉस. हे यीस्टचं काम. इंग्लिश बार्लीवाइन बऱ्याचदा बाटलीतच थोडी फसफसवतात, तळाला यीस्टचा थर राहतो. ते यीस्ट मरतं, पेशी फुटतात, आतले अमिनो आम्ल न् बाकीचा ऐवज बिअरमध्ये उतरतो, मग सोया सॉस, मटणाचा अळणी रस्सा, जळकं मीठ असल्या चवी येतात. याला ऑटोलिसिस म्हणतात आणि गरमीत हे फार जोरात होतं. काळ्या स्टाउटमध्ये थोडंसं चालून जातं, उलट कोणाला आवडतंही, बार्लीवाइनमध्ये मला ते खटकतं. तुम्ही ओतताना तळाचा गाळ सगळा ग्लासात घेतला का? घेतला असेल तर अर्धा सोया सॉस तिथनं आला.

आता पुठ्ठा, म्हणजे खरी तक्रार. ट्रान्स-टू-नोनेनाल. नाव लांब आहे पण माणसाचं नाक याला एका लिटरमध्ये साधारण ग्रॅमचा एक कोटीवा भाग असला तरी पकडतं. हे माल्टमधल्या तेलापासून येतं, त्याची बीजं ब्रूअरीत मॅशच्या, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या, वेळीच पडतात, बाटलीत ती इतर पदार्थांना चिकटून गप बसलेली असतात आणि गरमी मिळाली की सुटी होतात, म्हणून ऑक्सिजन कितीबी कमी ठेवला तरी गरम गोडाउनमधल्या लागरला पुठ्ठा येतोच. आपल्याकडं जूनमध्ये एखाद्या ढाब्यावर मिळालेली बिअर अशी कागदी कामून लागते ते यात आलं. पण बार्लीवाइनमध्ये बाकीच्या चवी इतक्या दाट असतात की पुठ्ठा सहसा झाकला जातो. तुम्हाला तो स्पष्ट लागला याचा अर्थ एक तर तो भरपूर आहे किंवा वरचं दाट आवरण पातळ झालंय. किंवा तिसरं, आणि हसू नका, ग्लास पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून तसाच वापरला असेल! पाहुण्यांचे चांगले ग्लास आपण खोक्यात, पेपरात गुंडाळून ठेवतो, त्याला तोच वास बसतो. पॅनेलला बसताना आम्ही आधी रिकामा ग्लास हुंगायचो. तुम्हीबी आधी ग्लास हुंगा.

फेसाचं मनावर घेऊ नका. अल्कोहोल जास्त असलं की फेस तसाच कमी टिकतो, शिवाय मेलेल्या यीस्टमधनं एक एन्झाइम बाहेर पडतं ते फेस धरणारी प्रथिनं तोडून टाकतं, त्यामुळं बाटलीत फसफसवलेल्या जुन्या एलला फेसाची नुसती कड येते किंवा तीबी येत नाही. जिभेवर बारीक चुणचुण आहे का ते बघा, असेल तर झाकण धड होतं. अगदीच सरबतासारखी सपाट असेल तर झाकण सुटलेलं, गॅस गेला न् हवा आत आली, मग पुठ्ठ्याचं कारण वेगळं शोधायला नको.

कडूपणाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं. हॉप्सचा कडूपणा दोन भावांचा असतो, सिस आणि ट्रान्स, त्यातला ट्रान्स लवकर तुटतो, सिस पुष्कळ टिकतो, त्यामुळं जुन्या एलचा कडूपणा कमी होतो न् त्याचा पोतही बदलतो. नीट ठेवलेल्या बाटलीत तो जिभेच्या कडांवर राहतो, चहाच्या पत्तीसारखा थोडा तुरट, आणि गोडाला बांध घालतो. शिजलेल्या बाटलीत तो घशाशी खरखरत बसतो. बांध गेला की बार्लीवाइन नुसती गोडमिट्ट लागते, लोकांना वाटतं काय मऊ झालीय, पण ते मऊपण पोकळ असतं.

हा फरक नुसता वाचून कळायचा नाही म्हणून मी केलेला एक खेळ सांगतो. एकाच खोक्यातल्या एका इंग्लिश बार्लीवाइनच्या दोन बाटल्या, एक फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात उभी, दुसरी मुद्दाम माळ्यावर, काही वर्षं तशाच ठेवल्या आणि पॅनेलमधल्या दोन जुन्या दोस्तांना बोलवून न सांगता ओतल्या. फ्रिजवाली तांब्याच्या भांड्याच्या रंगाची, बऱ्यापैकी नितळ, कडेला फेसाची बारीक चकती. पहिला वास मोसंबीच्या सालीचा, पण ताज्या नाही, पाकात घोळलेल्या सालीचा, त्याच्या मागं टॉफी न् भाजलेला बदाम. घोट दाट, पण चिकट नाही, छातीत उतरताना ऊब कळते पण अल्कोहोल बोचत नाही, हे फार महत्त्वाचं, ताजी असताना तीच बाटली स्पिरिटसारखी नाकात जायची. मग खजूर येतो, मग शेवटाला तो पत्तीचा तुरटपणा, आणि शेवट लांब चालतो, बोलताबोलता अजून तोंडात काहीतरी चालूच असतं. ग्लास कोमट होत गेला तशी ती उघडत गेली, मध आला, तुपात भाजलेल्या रव्याचा वास आला, अगदी शेवटच्या दोन घोटांत थोडीशी चामड्यासारखी छटा. लई दिवसांत इतकी भरलेली बिअर प्यालो नव्हतो.

माळ्यावरची काताच्या रंगाची, फेस शून्य, तळाचा गाळ ढिला होऊन वर तरंगणारा. वास म्हणाल तर जोरदार, फ्रिजवालीपेक्षा दुप्पट, आणि इथंच लोक फसतात. मेथी, काकवी, खारट सोया, जुन्या रेकॉर्डरूमची धूळ. पण घोट घेतला की सुरुवातीला गोड, मधे काहीच नाही, रिकामं, आणि शेवटाला पुठ्ठा न् तो घशातला खरखरीतपणा. दहा मिनिटांत ग्लासातला वास निम्मा झाला, नवीन काही आलं नाही. जी चांगली मुरलेली असते ती ग्लासात बदलत राहते, शिजलेलीचं सगळं सांगणं पहिल्या हुंगण्यात संपतं. मी नंतर कुठल्याबी जुन्या बाटलीला हीच कसोटी लावत आलोय, अर्धा तास थांबायचं न् परत हुंगायचं. आता गंमत म्हणजे दोघांपैकी एकाला माळ्यावरचीच जास्त आवडली. तो आयुष्यभर रम पिणारा, त्याला काकवी दिसली की बाकीचं दिसत नाही. चव ज्याची त्याची, मी भांडलो नाही, पण फ्रिजवालीचा उरलेला ग्लास मीच संपवला.

आता तुमच्यासारखे बरेच लोक पुढं विचारतात की मग कोणती बिअर ठेवावी. बहुतेक कोणतीच नाही, खरं सांगतो. आपल्याकडच्या बाटलीवर साधारण सहा महिन्यांची मुदत असते न् ती बरोबरच आहे. क्राफ्ट म्हणून जे मिळतं त्यात व्हीट बिअर, ब्लाँड, हॉप्सचा वास जास्त असलेली आयपीए, असलंच जास्त, २००९ ला पुण्यात डूलालीनं राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी काढली तेव्हापासून ताजी पिण्याचीच सवय लागलीय आणि ती चांगली सवय आहे. आयपीएचा हॉप्सचा वास तर काही महिन्यांतच मरतो, थोडा तर झाकणाच्या आतलं अस्तरच शोषून घेतं. शिवाय आपल्याकडं नियमानं बिअर ८ टक्क्यांपर्यंतच, त्यामुळं ठेवण्यासारखी दांडगी बिअर इथं निघणं तसंही अवघड.

ठेवायची ती जास्त अल्कोहोलची, भरपूर माल्टची, बार्लीवाइन, ओल्ड एल, इंपीरियल स्टाउट, बेल्जियमच्या गडद स्ट्राँग एल. रोशफोर १० म्हणून बेल्जियन ट्रॅपिस्ट, म्हणजे मठातली बिअर, आहे ११.३ टक्क्यांची, ती कोणी आणून दिली तर नाही म्हणू नका. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रूअरीनं १९६८ ला थॉमस हार्डीज एल काढली, तिच्या लेबलवरच छापलेलं असायचं की नीट ठेवली तर २५ वर्षं टिकेल. लंडनचे फुलर्सवाले १९९७ पासून दरवर्षी व्हिंटेज एल काढतात, साडेआठ टक्क्यांची, वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या शेजारी शेजारी लावून पिणारे लोक आहेत. आणि एक अपवाद, ऑर्वाल नावाची बेल्जियन बिअर, ६.२ टक्केच पण तिच्यात ब्रेटॅनोमायसिस यीस्ट बाटलीत घालतात, ते महिनोन्‌महिने साखर खात राहतं, ताजी ऑर्वाल हॉप्सची न् सहा महिन्यांनंतरची घोड्याच्या जिनाची. हे यीस्ट १९०४ ला कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये क्लाउसेन नावाच्या माणसानं शोधलं, आणि कशात सापडलं तर मुरवलेल्या इंग्लिश एलमध्ये. म्हणजे त्या काळच्या जुन्या एलची जी चव लोक वाखाणायचे त्यात या यीस्टचा हात होता. त्याच कार्ल्सबर्गचा कारखाना आज आपल्या संभाजीनगरला आहे, पण तिथं असलं यीस्ट गेटच्या आत आलं तर हाहाकार होईल!

ऊन लागून चांगली झालेली बिअर नसतेच का, तर इतिहासात आहे एक. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या हॉजसनची ऑक्टोबर एल पिपांतून हिंदुस्थानात यायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. मूळची तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवायची एल, जहाजाच्या पोटात हलत न् तापत लवकर तयार व्हायची आणि इथल्या साहेबांना आवडायची. पण ती पिपात होती, आत यीस्ट जिवंत होतं, आणि इथं आली की पिऊन संपायची. कोणी ती परभणीच्या पत्र्याखाली सात उन्हाळे ठेवत नव्हतं.

ठेवायचीच असेल तर जागा. आदर्श १२-१३ डिग्री, अंधार, उभी बाटली. फ्रिजमध्ये मुरायला फार वेळ लागतो पण बिघडत नाही, आपल्याकडं दुसरा पर्याय नसेल तर फ्रिजच बरा, दारात नको, दार उघडझाप होतं, खाली भाजीच्या कप्प्यात. जुन्या माळवदाच्या घरांत, जाड पांढऱ्या मातीच्या भिंतीत, उन्हाळ्यातबी आत बराच गारवा असतो, गावाकडं तसं घर शिल्लक असेल तर मधल्या खोलीचा कोनाडा हा शहरातल्या फ्लॅटच्या कुठल्याबी कपाटापेक्षा चांगला. काहीजण रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवतात, आपली हवा कोरडी असल्यानं गार होतं खरं, पण झाकण गंजतं, वर प्लॅस्टिक बांधा. आपल्याकडं उन्हाळा न् हिवाळा यातला फरकही दांडगा, परभणीला हिवाळ्यात पारा ५ च्या आसपास येतो न् मे मध्ये ४४ ला जातो, ही सारखी फुगण्या-आकसण्याची कसरत झाकणाच्या रबराला मानवत नाही. आणि ऊन, ट्यूबलाइट यापासून लांब, उजेडानं हॉप्समधल्या पदार्थांतून एक गंधकाचं रसायन तयार होतं, उग्र घाण वास, हिरव्या बाटलीत मिनिटांत होतं, तपकिरीत वेळ लागतो एवढंच.

नाक तयार करायचं असेल तर महागडी बाटली लागत नाही. एकाच तारखेच्या साध्या लागरच्या तीन बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये, एक मे महिन्यात तीन आठवडे त्याच लोखंडी कपाटात, एक हिरव्या काचेची मिळाली तर दुपारच्या उन्हात गच्चीवर तासभर. तिन्ही गार करा, कोणाला तरी ओतायला सांगा, ओळखा. पुठ्ठा एकदा नाकाला कळला की परत विसरत नाही, हे थोडं वाईटबी आहे, मग लग्नातली बिअर गोड लागत नाही.

आता तुमची दुसरी बाटली. ठेवून काही उपयोग नाही, ती पहिलीची जुळी आहे, तिचं मुरायचं ते मुरून झालं, इथून पुढं नुसती उताराला. आजच कपाटातून काढून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन आठवडे हलवू नका, गाळ घट्ट बसू द्या. प्यायच्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर, उन्हाळा असेल तर पंधरा मिनिटं पुरे, साधारण १२-१४ डिग्रीला ओतायची, बर्फासारखी गार असली की निम्मे वास झोपलेले असतात. ग्लास पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता, नसेल तर वाइनचा चालतो, स्टीलचा नको, आणि साबणाचा वास राहिला नाही ना बघा. एकाच दमात सगळ्यांचे ग्लास भरायचे, बाटली परत सरळ करायची नाही, नाहीतर गाळ ढवळतो, तळाची दोन बोटं बाटलीतच सोडायची. यानं सोया सॉस नक्की कमी होईल, पुठ्ठ्याचं सांगता येत नाही. शेजारी तिखट शेव, ठेचा ठेवू नका, तिखटावर अल्कोहोल भाजतं. संभाजीनगरकडं गेलात तर नान खलिया आणा, त्या मसालेदार रश्श्याला ही दाट गोडी चांगली झेपते. मला स्वतःला जेवण झाल्यावर, कुंथलगिरीच्या खरपूस पेढ्याबरोबर आवडते, पेढ्यातला भाजलेला खवा न् बिअरमधली काकवी एकमेकांना ओढतात, न् पुठ्ठा कडेला पडतो.

मावसभाऊ परत येणार असेल तर विमानानं ड्युटीशिवाय २ लिटर आणता येतं, पुढच्या खेपेला त्याला हिवाळ्यात यायला सांगा, त्याच्याकडंच दोन-तीन वर्षं थंडीत मुरलेली बाटली आणायला सांगा आणि संक्रांतीच्या आत पिऊन टाका.

आणि समजा दुसरीबी पुठ्ठाच निघाली तर मोरीत ओतू नका. खजूर, मनुके, अंजीर बारीक चिरून रात्रभर तिच्यात भिजवा न् केकमध्ये घाला, तिथं काकवी न् मेथीचं सोनं होतं आणि पुठ्ठा कोणाला सापडत नाही. फक्त आटवून रस्सा करायला जाऊ नका, पाणी उडतं न् सगळा कडूपणा खाली राहतो.